वाटेवरचे सोयरे

मोठ्या शहरांविषयीं आपल्याकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते. तेथें माणसें पुष्कळ, परंतु माणुसकी थोडी. शेजारच्या बिऱ्हाडांत कोण राहतें हेंही ठाऊक नसतें. लक्षावधि लोक रोज एकमेकांना घांसून जातात आणि कोणी कोणाचें नसतें, असें म्हटलें जातें. या तक्रारींत मुळींच तथ्य नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मुंबईच्या एकाच रस्त्यावर जवळजवळ तीस वर्षें ज्यांनीं बस चालविली, अशा एका गृहस्थांशीं बोलण्याचा योग आम्हांला नुकताच आला. आणि ही तक्रार करणाऱ्यांनीं शहराकडे पुरतें पाहिलेलें नाहीं, असें आम्हांस वाटूं लागलें.

या गृहस्थांची व आमची ओळख तशी जुनी. आमच्या घरांतील मंडळी वर्षानुवर्षें त्यांच्या गाडीनें कचेरींत, शाळेंत व दवाखान्यांत गेली. घरांतील वडीलधारी माणसें ‘आपले ड्रायव्हर’ असाच त्यांचा उल्लेख करीत. त्यांचा आवाज मात्र आम्हीं कधीं ऐकला नव्हता. चालत्या गाडींत चालकाशीं बोलूं नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. ते सेवेंतून निवृत्त झाल्याचें कळलें, तेव्हां आम्हीं त्यांना सहकुटुंब घरीं चहाला बोलाविलें. नांव छापूं नये एवढीच त्यांची अट होती. ती आम्ही पाळीत आहों.

त्यांचा रस्ता दादर टी. टी. पासून परळ, लालबाग, भायखळा, जे. जे. रुग्णालय, क्रॉफर्ड मार्केट असा बोरीबंदराकडे जाणारा. या नांवांतील ‘टी. टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईंत घोड्यांची ट्राम १८७४ सालीं व विजेची १९०७ सालीं सुरू झाली. पहिली मोटार-बस १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धांवली. १९३७ सालीं दुमजली बस आली. आणि १९४७ च्या ऑगस्टांत हा सारा कारभार कंपनीकडून नगरपालिकेच्या हातीं आला. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम गेली. नांव तेवढें मागें राहिलें.

बसचा चालक आपल्या खोलीवजा जागेंत एकटा बसतो, आणि त्याची पाठ उतारूंकडे असते. कंडक्टरनें दोरी एकदां ओढली कीं थांबावयाचें, दोनदां ओढली कीं निघावयाचें; गाडीच्या आंतलें संभाषण एवढेंच. “मग तुमच्या ओळखी झाल्या तरी कशा?” असें आम्हीं विचारलें. ते हंसले व म्हणाले, “वेळेनं झाल्या. मी रोज त्याच मिनिटाला त्याच कोपऱ्यावर जायचा, आणि तेही त्याच मिनिटाला तिथं असायचे. तीनशें दिवस एकच चेहरा दिसला, तर तो परका कसा राहील?” बोलण्याची साधनें ठरलेलीं होतीं. मान किंचित लववणें, चाकावरचा पंजा उचलणें, पहांटे काळोख असेल तर दिवा एकदां बारीक करणें. भोंगा त्यांत नव्हता. ओळखीसाठीं भोंगा वाजविला तर दुसरें कोणी तरी दचकेल, असें ते म्हणाले.

पहांटेच्या पहिल्या फेरीला दादरला एक फुलवाली पाटी घेऊन चढे. तिचें नांव त्यांना अखेरपर्यंत कळलें नाहीं. परंतु दसऱ्याच्या दिवशीं गाडीला घालावयाचा झेंडूचा हार ती न चुकतां आणी, आणि पैसे घेत नसे. “गाडी माझीबी हाय,” एवढेंच तिचें उत्तर. लालबागेंत एका चाळीच्या तोंडाशीं शाळेचा एक मुलगा उभा असे. त्याला बसनें जावयाचें नव्हतें. शाळा पलीकडेच होती. गाडी दिसली कीं तो हात वर करी व मग रस्त्यास लागे. एकदां तो तीन आठवडे दिसला नाहीं. “विचारूं कोणाला? नांव ठाऊक नाहीं, घर ठाऊक नाहीं. घरीं जेवतांना मी हिला म्हणें, पोर आजही नव्हतं,” असें ते सांगत असतांना त्यांच्या पत्नींनीं मान डोलाविली. चौथ्या आठवड्यांत मुलगा दिसला. हात प्लास्टरमध्यें होता. त्यानें दुसरा हात वर केला.

परळचा थांबा मात्र वेगळा. के. ई. एम. आणि टाटा हीं दोन्ही रुग्णालयें त्याच भागांत. बाहेरगांवचीं माणसें कागदांची पिशवी छातीशीं धरून गाडींत चढतात, आणि टाटा कधीं येईल हें प्रत्येक थांब्याला विचारतात. असें एक जोडपें कांहीं महिने त्यांच्या गाडीला असे. पहिल्या दिवशीं त्यांनीं स्वतः हात करून उतरण्याची जागा दाखविली. पुढें तें दाखविण्याची गरज उरली नाहीं. त्या बाई हळूहळू अशक्त होत गेल्या, हें आरशांत दिसत असे. नंतर दोघेंही दिसेनाशीं झालीं. वर्षभरानें तो गृहस्थ एकटाच त्या थांब्यावर उभा असलेला त्यांना दिसला. गाडींत न चढतां त्यानें फक्त दोन्ही हात जोडले. “मीही जोडले. सिग्नल सुटला होता, मागच्या गाड्या ओरडत होत्या. तेवढंच झालं.” हें सांगून ते बराच वेळ गप्प बसले. आम्हांलाही कांहीं विचारण्याचा धीर झाला नाहीं.

यापुढें त्यांनीं जी हकीकत सांगितली, तीच या लेखाचें खरें निमित्त होय. त्याच रस्त्यावर एक कारकून संध्याकाळीं रोज एक मिनिट उशिरा धांवत येत. ओळख झाली होती, म्हणून आमचे ड्रायव्हर थांबत. कित्येक महिने हा क्रम चालला. एके दिवशीं रात्रपाळीला जाणारी एक परिचारिका उतरण्याच्या वेळीं पुढें आली व शांतपणें म्हणाली, “दादा, तुम्ही त्यांच्यासाठीं थांबतां. पण मी पोंचेपर्यंत माझ्या आधींच्या पाळीची बाई घरीं जाऊं शकत नाहीं. तिचं तान्हं मूल आहे.” ती एवढेंच बोलून उतरली.

“त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं,” ते म्हणाले. “मला वाटत होतं, मी भला माणूस आहें. पण माझा भलेपणा त्या आंत बसलेल्या साठ माणसांच्या खिशांतून चालला होता.” दुसऱ्या दिवशीं कारकून धांवत येतांना आरशांत दिसले, तेव्हां त्यांनीं मनगटावर बोट ठेवून दाखविलें व गाडी सोडली. आठ दिवस त्या गृहस्थांनीं त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. नवव्या दिवशीं ते गाडीच्या आधींच थांब्यावर येऊन उभे होते, आणि त्यांनींच प्रथम मान लवविली. तेव्हांपासून या चालकांनीं स्वतःपुरता एक नियम केला: ओळख आहे म्हणून थांबावयाचें नाहीं, अडचण आहे म्हणून थांबावयाचें. काठी टेकीत येणारा म्हातारा, कडेवर मूल घेतलेली बाई, कागदांची पिशवी सांभाळणारा रोगी. यांच्यासाठीं गाडी थांबे, मग तीं माणसें पूर्वीं पाहिलेलीं असोत वा नसोत.

आम्हां सुशिक्षितांच्या घरांत ओळखीचा अर्थ बहुधा वशिला असा होतो. शाळेंतील प्रवेश असो, दवाखान्यांतील क्रमांक असो, ‘तेथें आपलें कोणी आहे का’ हा आमचा पहिला प्रश्न. ज्या ओळखीनें कांहीं पदरीं पडत नाहीं ती कोरडी, असेंही आपण मानतों. या गृहस्थांच्या ओळखींनीं कोणालाही रांगेंत पुढची जागा मिळाली नाहीं, तरी त्या कोरड्या नव्हत्या. २०२० च्या मार्चअखेर साथीमुळें लोकल गाड्या बंद झाल्या, आणि रुग्णालयांतील व सफाईचीं माणसें कामावर नेण्यास बसच काय त्या उरल्या. त्या दिवसांत रिकाम्या रस्त्यावरून गाडी नेतांना आपल्याला आपले कोपरेच ओळखूं येईनात, असें ते सांगतात. एकदां लालबागेंत एका खिडकींतून हात वर झालेला दिसला. तोच मुलगा असेल का, हें त्यांना ठरवितां आलें नाहीं. त्यांनीं पंजा उचलला.

आतां काळ पालटला आहे. जुन्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेल्या. विजेच्या, वातानुकूलित गाड्या आल्या. त्यांच्या कांचा बंद असतात. कंत्राटी गाड्यांवरील चालकही आले. उन्हापावसांत उतारूंची सोय झाली हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु चालक व रस्ता यांची सोयरीक जुळावयाची तर एक माणूस एका वाटेवर पुष्कळ दिवस टिकावा लागतो. तो टिकेल अशी व्यवस्था असावी, हें पैशाच्या हिशेबांत मोडत नसलें तरी शहराच्या हिताचें आहे, असें आमचें मत आहे.

निरोप घेतांना आम्हीं त्यांना विचारलें कीं, आतां ते बसनें जातात का. ते म्हणाले, “जातों ना. थांब्यावर उभा राहतों, गाडी आली कीं मान लववतों. चालक तरुण पोरगा आहे. पहिले पंधरा दिवस त्यानं पाहिलंच नाहीं. आरशाकडे लक्ष होतं त्याचं, तें बरोबरच आहे. परवां त्यानं चाकावरचा पंजा उचलला.” हें सांगतांना त्यांचा स्वतःचा पंजाही कपावरून किंचित वर आला होता.

ते गेल्यावर आमच्या घरांतील धाकटीं मुलें गॅलरींत धांवलीं. खालीं रस्त्यावर नेहमींची सातची बस येत होती. मुलांनीं हात वर केले. चालकानें पाहिलें नाहीं. उद्यां पुन्हा करूं, असें त्यांचें ठरलें आहे.