‘फवारणी नको’ असे सांगणारे ॲप : लहान संकेतस्थळांतून पूरक उत्पन्न मिळवताना

शेतीपूरक व्यवसाय म्हटले की दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, मधमाशीपालन किंवा रोपवाटिका डोळ्यांसमोर येते. अलीकडे या यादीत एका नव्या उद्योगाची भर पडू लागली आहे. काही प्रगतिशील शेतकरी, कृषी पदवीधर आणि विस्तार कार्यकर्ते मोकळ्या वेळात लहान संकेतस्थळे व मोबाईल ॲप तयार करून चार पैसे मिळवू पाहतात. साधने स्वस्त झाली आहेत. संगणकाची आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही हाताशी आहेत. त्यामुळे ‘ॲप कसे बनवावे’ हा प्रश्न आता फारसा कठीण राहिलेला नाही. त्याने कोणते उत्तर द्यावे आणि त्या उत्तराचे पैसे कोणी द्यावेत, हे दोन प्रश्न मात्र कठीण आहेत. कीटकशास्त्राच्या अंगाने प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

कुंभकोणम परिसरातील एक उदाहरण

कामानिमित्त तमिळनाडूतील कुंभकोणम परिसरात काही दिवस राहण्याचा योग आला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे गाव तंजावूर जिल्ह्यात येते. तंजावूरवर १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती आणि या भागात मराठी बोलणारी कुटुंबे आजही आढळतात. कुंभकोणमजवळच अडुतुरै येथे १९२२ मध्ये स्थापन झालेले भात संशोधन केंद्र आहे. सध्या ते तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत काम करते.

येथील भातशेतीचे कुरुवै, सांबा आणि ताळडी असे तीन हंगाम आहेत. कुरुवैची लावणी प्रामुख्याने मेट्टूर धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून आहे. लावणीपासूनचे दिवस मोजून किडींच्या निरीक्षणाची आठवण करून देणारे वेळापत्रक मी तेथील सहकाऱ्यांसाठी स्प्रेडशीटमध्ये तयार केले होते. त्याचा पाया म्हणून १२ जून हीच तारीख मी पक्की धरली. एका सहकाऱ्याने ते पाहताच चूक दाखवली. २०२२ मध्ये पाणी २४ मे रोजी सुटले होते, तर २०२४ मध्ये २८ जुलैला. दोन्ही तारखांत ६५ दिवसांचा फरक आहे. माझ्या वेळापत्रकाने २०२४ मध्ये शेतकऱ्याला न लावलेल्या भातातील खोडकिडा शोधायला पाठवले असते.

सुधारणा सोपी होती. तारीख पक्की न ठेवता ती शेतकऱ्याला विचारायची. महाराष्ट्रातही कपाशीची पेरणी पाऊस ठरवतो, दिनदर्शिका नव्हे. म्हणून पीकविषयक कोणत्याही ॲपचा पहिला प्रश्न ‘पेरणी किंवा लावणी कधी झाली?’ हाच असावा.

मोठ्या ॲपला न जमणारे काम

रोगकिडींची छायाचित्रावरून ओळख पटवणारी मोठी ॲप उपलब्ध आहेत. केंद्र शासनाची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली २०२४ पासून कार्यरत आहे. एकट्या व्यक्तीने त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. मात्र स्थानिक तपशिलांची एक जागा मोठ्या ॲपकडून बहुधा रिकामी राहते आणि लहान ॲपचे खरे क्षेत्र तेच आहे.

क्षेत्रफळाचेच पाहू. कावेरीच्या या पट्ट्यात शेतकरी आजही ‘मा’ या मापात बोलतो. साधारण तीन मा म्हणजे एक एकर आणि वीस मा म्हणजे एक वेली. आपल्याकडे ४० गुंठ्यांचा एकर असतो. दोन मा क्षेत्र म्हणजे सुमारे ०.६६ एकर. एकरी २०० लिटर पाणी धरले, तर त्यासाठी सुमारे १३३ लिटर द्रावण, म्हणजे १६ लिटरचे आठ पंप आणि वर थोडे द्रावण लागेल. ॲपने ‘२’ हा आकडा एकर समजून घेतला, तर उत्तर ४०० लिटर येईल आणि त्याच शेतावर तिप्पट औषध पडेल. आज्ञावलीत यामुळे कोणताही बिघाड दिसणार नाही. तो पिकात, पाण्यात आणि शेतकऱ्याच्या खिशात दिसेल.

एका निर्णयाचे ॲप : तपकिरी तुडतुडे

लहान ॲपने एकच प्रश्न सोडवावा, पण तो पूर्ण सोडवावा. भातावरील तपकिरी तुडतुड्यांचे उदाहरण घेऊ. ही कीड चुडाच्या बुंध्याशी राहून रस शोषते. प्रादुर्भाव वाढल्यास शेत जागोजागी गोलाकार करपल्यासारखे दिसते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार भक्षक कोळी नसतील, तर प्रति फुटवा एक तुडतुडा ही आर्थिक नुकसान संकेत पातळी आहे. प्रति चूड एक कोळी आढळत असेल, तर हीच पातळी प्रति फुटवा दोन तुडतुडे इतकी धरली जाते.

समजा, शेतकऱ्याने दहा चुडांचे निरीक्षण केले. एकूण फुटवे १५०, तुडतुडे २१० आणि कोळी १२ आढळले. प्रति फुटवा १.४ तुडतुडे झाले. फक्त तुडतुडे विचारणारे ॲप ‘फवारणी करा’ असे उत्तर देईल. कोळीही विचारणारे ॲप पाहील की प्रति चूड १.२ कोळी आहेत, म्हणून पातळी दोन आहे आणि ती ओलांडलेली नाही. त्याचे उत्तर असेल : ‘आज फवारणी नको, काही दिवसांनी पुन्हा मोजा.’ त्याच शेतात कोळी चारच असते, तर मात्र पातळी एक धरली गेली असती आणि उपाययोजना आवश्यक ठरली असती.

एका प्रश्नाचा हा फरक आहे. त्याची किंमत फवारणीच्या खर्चापुरती नसते. सिंथेटिक पायरेथ्रॉइडसारख्या कीटकनाशकांनी भक्षक मरतात आणि तुडतुडे पुन्हा अधिक जोमाने उफाळतात. म्हणजे अनावश्यक फवारणी पुढच्या फवारणीची गरज निर्माण करते.

अशा ॲपमध्ये पुढील चुका हमखास होतात.

१. एककाची चूक : काही शिफारशी प्रति फुटवा असतात, काही प्रति चूड. वरील उदाहरणात प्रति चूड २१ तुडतुडे आहेत. तोच आकडा ‘प्रति फुटवा’ रकान्यात भरला, तर प्रादुर्भाव पंधरा पट फुगतो. म्हणून शेतकऱ्याला भागाकार करायला लावू नये. एकूण चुडे, एकूण फुटवे, एकूण तुडतुडे आणि एकूण कोळी एवढेच विचारावे.

२. शब्दाची चूक : मराठीत ‘कोळी’ हा शब्द जाळे विणणाऱ्या भक्षकासाठीही वापरतात आणि लाल कोळीसारख्या पिकावरील किडीसाठीही. ‘कोळी दिसले का?’ या प्रश्नाला दोन शेतकरी दोन वेगळ्या प्राण्यांविषयी उत्तर देतील. येथे चित्र देणे आवश्यक आहे.

३. प्रदेशाची चूक : वर दिलेली पातळी तमिळनाडूची आहे. महाराष्ट्रासाठी ॲप करताना आपल्या विभागाच्या कृषी विद्यापीठाची चालू शिफारसच वापरावी आणि ती कोणत्या वर्षाची आहे ते पडद्यावर लिहावे.

पैसे कोणी द्यावेत?

या उद्योगातील सर्वांत मोठी जोखीम उत्पन्नाच्या मार्गात आहे. माझ्या स्प्रेडशीटचे वेबपान करण्याचा विचार चालू असताना निविष्ठांच्या एका विक्रेत्याने ‘उत्तराखाली खरेदीचे बटण ठेवा, प्रत्येक विक्रीवर वाटा देऊ’ असे सुचवले. प्रस्ताव आकर्षक होता. पण त्यानंतर ‘फवारणी नको’ या प्रत्येक उत्तरागणिक माझे नुकसान झाले असते. पातळी थोडी खाली आणण्याचा मोह मला झाला नसता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी नकार दिला.

यावरून एक कसोटी मांडता येते : ॲपचे उत्तर ‘हो’ आले काय किंवा ‘नाही’ आले काय, ॲपकर्त्याचे उत्पन्न सारखेच राहिले पाहिजे. या कसोटीवर विविध मार्ग पुढीलप्रमाणे उतरतात.

• निविष्ठा विक्रीवरील वाटा : सल्ला देणाऱ्या ॲपसाठी टाळावा.

• जाहिराती : वापरकर्ते थोडे असतील तर उत्पन्न नगण्य. शिवाय आपोआप येणाऱ्या जाहिरातींवर आपले पुरेसे नियंत्रण नसते. ‘फवारणी नको’ या उत्तराशेजारीच कीटकनाशकाची जाहिरात झळकू शकते.

• हंगामी वर्गणी : चालू शकेल, पण अपेक्षा मर्यादित ठेवावी. समजा, ८० शेतकऱ्यांनी हंगामाला प्रत्येकी १५० रुपये दिले, तर १२,००० रुपये जमा होतील. नाव-नोंदणी, साठवण इत्यादींसाठी ३,००० रुपये गेले आणि दुरुस्त्या व फोनवरील शंकानिरसनात ९० तास गेले, तर तासाला १०० रुपये पडले. हे पूरक उत्पन्न आहे. यावर नोकरी सोडू नये.

• संस्थेकडून ठरावीक मोबदला : शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा द्राक्ष-डाळिंब उत्पादकांचा गट आपल्या सभासदांसाठी हंगामाची एकरकमी रक्कम देऊ शकतो. कसोटीवर हा मार्ग सर्वांत चांगला उतरतो, कारण अनावश्यक फवारणी टळण्यात गटाचेही हित असते.

• संकेतस्थळ बांधून देणे : रोपवाटिका, कृषी पर्यटन केंद्र, गूळ किंवा हळद उत्पादकांना माहिती व मागणी नोंदवणारे लहान संकेतस्थळ हवे असते. येथे पीकसल्ल्याचा संबंधच नसतो. बांधणीचा एकदाच मोबदला आणि देखभालीची वार्षिक रक्कम सुरुवातीलाच वेगवेगळी ठरवावी. देखभाल फुकट गृहीत धरली गेली की हा उद्योग तोट्यात जातो.

कागदापासून ॲपपर्यंत

थेट ॲपपासून सुरुवात करू नये. आधी निर्णयाचा तक्ता कागदावर मांडावा. मग तो स्प्रेडशीटमध्ये उतरवावा. एक हंगाम वापरून झाल्यावर साधे वेबपान करावे. फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवता येईल आणि एकदा उघडल्यावर इंटरनेटशिवायही चालेल असे वेबपान करता येते. शेतात नेटवर्क नसते, म्हणून ही सोय महत्त्वाची आहे. बहुतेक गरजा येथेच भागतात.

तरीही ॲप हवेच असेल, तर गुगल प्लेवर विकसक म्हणून नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलसाठी दरवर्षी ९९ डॉलर लागतात. गुगलच्या नव्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेण्याची अट आहे. शहरातील एकट्या विकसकाला ही अट जाचक वाटते. विस्तार कार्यकर्त्याकडे मात्र शेतीशाळेतले शेतकरी असतात आणि त्यांच्याइतके चोख परीक्षक अन्यत्र मिळणार नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आज्ञावली लिहून घ्यायला हरकत नाही. पण संकेत पातळी, मात्रा आणि प्रतीक्षा कालावधी तिच्याकडून घेऊ नयेत, कारण ती चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे देते. हाताने सोडवलेली किमान दहा उदाहरणे जवळ ठेवावीत. त्यांत काठावरची उदाहरणे असावीत : तुडतुडे नेमके प्रति फुटवा एक असतील तर काय? कोळी नेमका प्रति चूड एक असेल तर? फुटव्यांच्या जागी शून्य भरले तर? प्रत्येक बदलानंतर ही सर्व उदाहरणे पुन्हा तपासावीत.

नियमांचे भान

शासकीय सेवेतील विस्तार कार्यकर्त्यांनी सेवानियम आधी पाहावेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तसेच केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे वर्तणूक नियम खासगी व्यापार किंवा व्यवसायासाठी पूर्वपरवानगीची अट घालतात. परवानगी लेखी घ्यावी. शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ॲपचे उत्पन्न शेतीउत्पन्न नसल्याने त्याला शेतीची करमाफी लागू होत नाही.

कीटकनाशक विक्रीस कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये परवाना लागतो. रासायनिक उपाय सुचवायचाच असेल, तर तो त्या पिकासाठी व किडीसाठी नोंदणीकृत आणि लेबलवर असलेलाच असावा. विद्यापीठांच्या पुस्तिकांतील छायाचित्रे व मजकूर परवानगीशिवाय उचलू नयेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती गोळा करणाऱ्यावर जबाबदारी येते. वरील तुडतुड्यांच्या गणनेसाठी नाव, फोन किंवा सर्व्हे क्रमांक यांपैकी काहीच लागत नाही. मग ते विचारूच नये.

येत्या खरिपासाठी

आपल्या गावातील एकच वारंवार पडणारा प्रश्न निवडावा. त्याचा तक्ता कागदावर करून पाच शेतकऱ्यांबरोबर बांधावर वापरावा. आपण शेजारी उभे नसताना ते तो बरोबर भरतात का, ते पाहावे. हंगामाअखेर किती वेळा ‘फवारणी नको’ असे उत्तर आले, त्यांपैकी किती उत्तरे पुढील निरीक्षणात बरोबर ठरली आणि किती चुकली, याची नोंद ठेवावी. शेतकरी गटापुढे मोबदल्याची गोष्ट काढताना हीच नोंदवही सोबत न्यावी आणि चुकलेली उत्तरे आधी दाखवावीत.