कुत्र्यासाठी मदत मागताना

बेज्जूरकडच्या बहुतेक घरांत कुत्रा हा काही लाडासाठी पाळलेला प्राणी नसतो. तो अंगणात झोपतो, शेळ्यांमागे रानात जातो, कापसाच्या ढिगाजवळ रात्र काढतो. पण तो आजारी पडला की घरात कुणाला घास गोड लागत नाही. आणि तरीही त्याच्यासाठी चार पैसे मागायला जीभ उचलत नाही. ‘माणसांच्या औषधाला पैसे नाहीत आणि ह्यांना कुत्र्याचं पडलंय,’ हे कुणी म्हणण्याआधीच आपल्याला ऐकू येत असतं. ह्या संकोचात एक-दोन दिवस जातात. माझ्या मते बिल खरं वाढवतात ते हेच दिवस.

कसं, ते पाहू. कापसावर फवारायची काही कीटकनाशकं पोटात गेली, तर कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. अशा विषबाधेवर ॲट्रोपिन हे जुनं आणि स्वस्त इंजेक्शन आहे. डॉक्टरांनी ते वेळेवर दिलं तर पुष्कळदा जनावर सावरतं. तेच कुत्रं दुसऱ्या दिवशी नेलं, तर सलाईन, ऑक्सिजन, रात्रभराची देखरेख असं सगळं मागे लागतं. गोचीडतापाचंही तसंच. सुरुवातीला लक्षात आला तर साध्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांवर भागतं, उशीर झाला तर रक्त इतकं कमी होतं की बाहेरून द्यावं लागतं. सर्पदंशात मात्र खर्च पहिल्या तासापासूनच असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवर चालणारी जी लस माणसाला देतात, तीच आपल्याकडे कुत्र्यालाही देतात. कुत्रं लहान म्हणून लस कमी पुरेल, असं नसतं. सापानं किती विष सोडलं, त्यावर ते ठरतं.

घरच्या घरी एक चूक फार होते. कुत्रं कण्हतंय म्हणून आपल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी त्याला देतात. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकचं नाव तर बेज्जूरकरांना माहीत असायलाच हवं. हे औषध दिलेली गुरं मेली की त्यांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि गिधाडं मरायची. म्हणून २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्यातून वाचलेली थोडी गिधाडं बेज्जूरच्याच जंगलात, पालारापूच्या कड्यावर आढळली होती. असो, विषय कुत्र्याचा आहे.

मदत मागण्याचं एक उदाहरण सगळ्या देशानं पाहिलं. जून २०२४ मध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवरून मुंबईकरांकडे मदत मागितली. सात महिन्यांचं एक कुत्रं मुंबईतल्या छोट्या प्राण्यांच्या रुग्णालयात दाखल होतं. गोचीडतापाचा संशय होता, रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलं होतं. महालक्ष्मीचं हे रुग्णालय टाटा ट्रस्ट्सनंच उभारलेलं, सुमारे १६५ कोटी रुपये खर्चाचं. म्हणजे पैसा, डॉक्टर, यंत्रं सगळं हाताशी होतं, नव्हतं ते रक्त. रक्त देणारं कुत्रं कसं हवं, हे त्यांनी नेमकं लिहिलं होतं: वय एक ते आठ वर्षं, वजन २५ किलोच्या आसपास किंवा जास्त, लसी आणि जंताचं औषध झालेलं, मोठा आजार नसलेलं, गेल्या सहा महिन्यांत अंगावर गोचीड-पिसवा नसलेलं. रक्त मिळालं, आणि त्यांनी मुंबईकरांचे आभारही मानले.

नाव टाटांचं होतं म्हणून काम झालं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात खोटं नाही. पण ‘काहीतरी करा हो’ असं न लिहिता काय हवं, कशासाठी हवं हे त्यांनी स्वच्छ लिहिलं, हेही खरं. लूकच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री मित्राचं दार ठोठावणारा माणूस आहे. घरी पाहुणा आलाय आणि वाढायला काही नाही. तो ‘जमेल ते दे’ म्हणत नाही, तीन भाकरी मागतो. प्रवचनात त्याच्या चिकाटीबद्दल आपण खूप ऐकतो, त्या ‘तीन’बद्दल क्वचितच.

आकडा सांगायचा तर आधी तो मिळवावा लागतो. डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘माझ्याकडे एवढेच आहेत, ह्यात काय करता येईल?’ ह्या प्रश्नात कमीपणा नाही. एकाच आजाराला सगळ्या तपासण्यांसह पूर्ण उपचार असतात आणि गरजेपुरतेही असतात. प्रश्न विचारल्याशिवाय दुसरा मार्ग बहुधा पुढे येत नाही. अंदाजपत्रक कागदावर घ्यावं. मग निरोप लिहावा: काय झालंय, डॉक्टर काय म्हणाले, एकूण किती लागणार, घरातून किती घातले, किती कमी पडतात, कधीपर्यंत हवेत. पैसे शक्यतो थेट दवाखान्याच्या खात्यात जाऊ द्यावेत, म्हणजे देणाऱ्याच्या मनात किंतु राहत नाही. उसने घेत असाल तर ‘उसने’ लिहा आणि परत कधी देणार तेही लिहा. रडवेला फोटो लागत नाही. अंदाजपत्रकाचा लावा.

बेज्जूरहून हे सगळं करताना अंतर आडवं येतं. मंडलाच्या ठिकाणचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुराढोरांसाठी, तरी पहिला प्रथमोपचार तिथेच मिळतो. तेलंगणात २०१७ मध्ये १९६२ ह्या क्रमांकावर फिरते दवाखाने सुरू झाले, तेही जनावरांच्या दारी जाणारे. आपल्या गावात गाडी कुत्र्यासाठी येते का, किती वाजेपर्यंत येते, हे कुत्रं धडधाकट असतानाच विचारून ठेवावं. पुढचं मोठं गाव म्हणजे कागजनगर. तिथून रेल्वेनं एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, आणि दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. विद्यार्थी तिथे शिकत असतात म्हणून रुग्णालय चालतं, आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आहे. तेही दानावरच उभं राहिलं. जनावरासाठी हात पसरणं आपल्याकडे इतकं जुनं आहे. विम्याचा पर्याय आहे, पण तो आजाराआधी घ्यावा लागतो, आणि अंगणातल्या गावठी कुत्र्याचा विमा अजून कुणी फारसा उतरवत नाही.

रक्ताची गोष्ट गावातही लागू पडते. आपली गावठी कुत्री सहसा २५ किलोपर्यंत भरत नाहीत. गावात थोराड, लस टोचलेलं कुत्रं कुणाकडे आहे, हे माहीत असलेलं बरं. कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा रक्त देताना गट जुळला नाही तरी बहुधा निभावतं, त्यामुळे जवळचं एक कुत्रंही उपयोगी पडू शकतं.

आणि कुत्रं वाचलं नाही, तरी ज्यांनी पैसे दिले त्यांना कळवायचं. किती खर्च झाले, किती उरले, उरलेले कुणाला परत केले. हा निरोप लिहायला फार जड जातं आणि म्हणूनच तो बहुतेक जण लिहीत नाहीत. पुढच्या वेळी गावात दुसऱ्या कुणाच्या कुत्र्यासाठी मागायची वेळ येते, तेव्हा लोकांना हा न आलेला हिशेब आठवतो.