आधी आपली यादी, मग कॉलेजांची
लेखमाला : पदवीच्या पुढे – भाग ६

कॅट आणि राज्याची सीईटी यांतला फरक आपण मागच्या आठवड्यात पाहिला. निकाल लागले की घरोघरी एकच कागद फिरू लागतो: मॅनेजमेंट कॉलेजांची क्रमवारी. ‘कितव्या नंबरचं मिळतंय?’ एवढाच प्रश्न उरतो. मला वाटतं, गाडी चुकते ती इथेच.

गेल्या वर्षी कोल्हापूरचा एक मुलगा असाच कागद घेऊन माझ्याकडे आला होता. वडिलांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. कागदावर १४ नावं, प्रत्येकापुढे पेन्सिलीनं लिहिलेलं सरासरी पॅकेज. एक आकडा खोडून नव्यानं लिहिलेला, म्हणजे अभ्यास मनापासून केलेला. मी विचारलं, “एमबीए झाल्यावर काय करणार?”

“फाउंड्रीच बघायची, काका. बाबांना आता एकट्याला झेपत नाही.”

मग तो पॅकेजचा रकाना कशासाठी? तो गप्प झाला. ज्याला नोकरी करायचीच नाही, त्यानं कॉलेज निवडायचं ते दुसऱ्यांच्या पगारावरून! त्याला खरी गरज होती ती खेळत्या भांडवलाचं गणित समजण्याची, उधारी कशी आवरायची ते शिकण्याची आणि स्वतःसारख्याच कारखानदारांच्या घरांतून आलेल्या सोबत्यांची. मुंबईत अंधेरीच्या एसपीजेआयएमआरमध्ये कौटुंबिक उद्योगातल्या मुलांसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. महिन्यातला साधारण एक आठवडा वर्गात, बाकीचे दिवस आपल्या धंद्यात. त्याच्या १४ नावांत हा अभ्यासक्रम नव्हता.

क्रमवारी सगळ्यांना एकाच मापानं मोजते. आपली गरज मात्र आपलीच असते. माणसांशी संबंधित काम, म्हणजे एचआर, करायचं असेल तर जमशेदपूरचं १९४९ पासूनचं एक्सएलआरआय किंवा मुंबईचं ‘टिस’ आधी डोळ्यांसमोर यावं. जाहिरात आणि ब्रँड यांत रस असेल तर अहमदाबादचं मायका. कारखाना, पुरवठा साखळी यांचं वेड असेल तर पवईचं आयआयएम मुंबई. २०२३ पर्यंत ‘नीटी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. आणि दूध संघ, साखर कारखाने यांच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांनी आणंदच्या ‘इर्मा’चा विचार जरूर करावा. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकारानं ही संस्था १९७९ मध्ये उभी राहिली, ती ग्रामीण आणि सहकारी संस्थांना जाणती माणसं मिळावीत म्हणूनच. आपल्याकडे सहकाराचा एवढा पसारा असताना या वाटेकडे इतकी कमी मुलं वळतात, याची मला खंत वाटते.

आता पैशांचं. यावर घरात मोकळेपणानं बोललं जात नाही, म्हणून जरा थांबतो. मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी आज २५ लाखांच्या आसपास जाते. २५ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं १० वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे ३३ हजार रुपये येतो. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळंच. हा हप्ता डोक्यावर असताना कमी पगाराची पण आवडीची नोकरी घेणं फार थोड्यांना जमतं. चर्चगेटच्या जमनालाल बजाजची फी याच्या कितीतरी खाली आहे. १९६५ सालची ही संस्था. तिथे ऐसपैस कॅम्पस नाही, पण मुंबईतल्या बँका आणि शेअर बाजार हाकेच्या अंतरावर आहेत. हिरवळ हवी की हा शेजार, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

प्लेसमेंटचा अहवाल हाती आला की सर्वांत मोठ्या पॅकेजकडे पाहू नका, सरासरीवरही विसंबू नका. १० मुलांपैकी नऊ जणांना सहा-सहा लाख आणि एकाला ६० लाख मिळाले, तर सरासरी ११ लाख ४० हजार निघते. प्रत्यक्षात तेवढा पगार कुणालाच नाही! म्हणून मधला आकडा, म्हणजे मीडियन, विचारा: इथे तो सहा लाख आहे. वर्गातले किती जण मोजणीत धरले आणि किती वगळले, तेही विचारा. त्याहून उत्तम म्हणजे दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन करा. कामावर रोज काय करता, एवढं विचारलं तरी पुरे.

काहींचा अग्रक्रम घर असतो. आई आजारी आहे, म्हणून पुणे सोडायचं नाही, असं एका मुलीनं मला जवळजवळ अपराधी स्वरात सांगितलं. अपराध कसला त्यात? पुणे विद्यापीठाचा ‘पुम्बा’ हा विभाग आहे, सिंबायोसिस आहे. मुंबईत नोकरी सोडता येत नसेल, तर मुंबई विद्यापीठाचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. घराजवळ राहायचं हे कारण पगाराच्या कारणाइतकंच वजनदार आहे. फक्त ते पहिल्याच दिवशी स्वतःशी कबूल करावं, म्हणजे नको त्या अर्जांवर हजारो रुपये जात नाहीत.

कोल्हापूरच्या त्या मुलानं माझ्यासमोरच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: धंदा, बाबांची सोबत, कमी कर्ज. मग पुढच्या बाजूचं एकेक नाव खोडत गेला. १४ पैकी तीन उरली. चौथं नाव त्यानं नव्यानं लिहिलं, या वेळी पेनानं.

पुढच्या आठवड्यात शैक्षणिक कर्ज: बँकेत जाताना कोणते कागद हवेत आणि तारण कधी मागितलं जातं.