खाडीपलीकडचा परदेश

परदेशगमन म्हटले की आगबोट किंवा विमान डोळ्यांपुढे येते. परंतु १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मनुष्य होडीने तेरेखोलची खाडी ओलांडताच परदेशी पोहोचे. तेरेखोलचा किल्ला तर खाडीच्या उत्तर तीरावर, म्हणजे अलीकडेच आहे. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला. त्यामुळे रेडीहून चालत निघालेला वाटसरू पाय न भिजवताच परराज्यात शिरे!

तेथे परकेपणा मात्र शोधावा लागे. बोली ओळखीची, आमटी तीच, आणि कित्येकांच्या लेकीबाळी तिकडेच दिलेल्या. घोटाळा होई तो नाण्यांचा. आपला रुपया सोळा आण्यांचा, तर तिकडचा सोळा तांगांचा. १९५९ साली एस्कुदो आला आणि तिकडच्या एका रुपयाचे सहा एस्कुदो झाले. बाजारात हिशेब करताना पाहुण्याची त्रेधा उडे.

पोर्तुगीज अंमलदाराची भाषा त्याला कळत नसे. तरी मधूनच ‘बटाटा’, ‘काजू’ असे शब्द कानी पडत आणि तो चकित होई. हे शब्द त्या भाषेतूनच आपल्याकडे आलेले; पाव, चावी, पगार हेही तसेच. ‘तुरुंग’ हा शब्दही तिकडचाच. १९५५ साली सीमा ओलांडणाऱ्या अनेक सत्याग्रहींना त्याचा अर्थ कोशात पाहावा लागला नाही.