अंगठा आपला, माहितीही आपलीच

भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात आपले कितीतरी बंधुभगिनी ठेकेदारामार्फत कामाला आहेत. ठेकेदार बदलला की आधारची झेरॉक्स, खोली बदलली की पुन्हा झेरॉक्स! ही झेरॉक्स कोणाच्या हाती गेली हे निदान आपल्याला ठाऊक असते. मोबाईलमधून माहिती कोणाकडे जाते, ते मात्र दिसत नाही.

महिनाअखेरीस पगार लांबला की कर्ज देणारे ॲप आठवते. घाईत आपण सगळ्याला ‘हो’ म्हणतो. नंतर हप्ता थकला की वसुलीवाल्याचा फोन थेट सासरी, माहेरी जातो. माणसाची अब्रूच वेठीस धरली जाते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम घातला: कर्जाच्या ॲपने फोनमधील नावांची यादी, फोटो, फाईल आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये. ॲप ते मागत असेल तर तेथेच सावध व्हावे.

‘माझी माहिती माझी’ हा हक्क कोणी दान दिलेला नाही. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टास्वामी २०१२ साली आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने बँक खाते व सिमकार्ड आधारला जोडण्याची सक्ती रद्द झाली.

हक्क कागदावर राहू नये म्हणून घरच्या घरी काय करता येईल?

एक, जेथे चालेल तेथे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारची बोटांच्या ठशांची नोंद कुलूपबंदही करता येते. मात्र रेशन दुकानात अंगठा लावण्यापूर्वी ते कुलूप उघडावे लागेल, हे घरातील बायाबापड्यांना आधी सांगून ठेवावे.

दोन, ‘गुगलने साइन इन करा’ असे म्हणून आपण अनेक ॲपना खाते जोडलेले असते. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये ती यादी मिळते. नको ते काढून टाकावे. पण नाते तोडले म्हणून आधी गेलेली माहिती परत येत नाही; ती पुसण्यासाठी त्या कंपनीलाच वेगळे सांगावे लागते.

तीन, कर्जासाठी बँकेची माहिती ‘अकाउंट ॲग्रीगेटर’मार्फत मागितली, तर कशासाठी आणि किती दिवसांसाठी ते वाचावे. दिलेली संमती नंतर मागे घेता येते.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. संमती मागे घेणे, माहिती पुसायला लावणे हे हक्क त्यात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. हे मुख्य हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे.

पैशाची फसवणूक झाली तर लाज न बाळगता लगेच १९३० क्रमांकावर कळवावे. आमची विनंती एवढीच, की शिकलेल्या मुलामुलींनी एका सुटीच्या दिवशी महिला मंडळात बसून आयाबहिणींचे फोन तपासून द्यावेत. सहीच्या जागी अंगठा उठवून घेऊन जमिनी गिळल्याच्या गोष्टी आपल्या आजोबांनी सांगितल्या आहेत. न वाचता ‘हो’ म्हणणे हा त्याच अंगठ्याचा नवा अवतार आहे. वाचूनच ‘हो’ म्हणा, आणि ‘नाही’ म्हणायलाही शिका!