सहजीवन आणि घराचा कागद

शीळफाट्याहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा गेल्या काही वर्षांत टोलेजंग गृहसंकुले उभी राहिली. त्यांत विवाहावाचून संसार मांडणारी सुशिक्षित जोडपीही असणारच. त्यांच्या नीतीची चर्चा इतरांनी पुष्कळ केली आहे. आम्हांस चिंता वाटते ती संकटकाळाची.

घर पुरुषाच्या एकट्याच्या नावावर, कर्जाचा निम्मा हप्ता स्त्रीच्या पगारातून, आणि तो मृत्युपत्र न करताच गेला, तर? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा ही पहिल्या वर्गातील वारस, आईही तशीच. सहचारिणी मात्र कोणीच नव्हे. घर सासूचे होईल. पण तिला सासू तरी कोणत्या नात्याने म्हणावे?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले, हे खरे. परंतु उभयतां विवाहास पात्र होती, दीर्घकाळ एकत्र राहिली आणि समाजात पतिपत्नी म्हणून वावरली, अशा कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात घातल्या. ज्यांनी आपले नाते शेजाऱ्यांपासून लपविले, त्यांच्या बाजूने साक्ष कोण देणार?

विवाहाने सुख लाभतेच, असे आम्ही म्हणत नाही. पतीची मारहाण सोसणाऱ्या स्त्रिया आम्हांस हसतील. तथापि नोंदणीचा एक दाखला पत्नीला ही सिद्धतेची यातायात चुकवितो. ज्यांना तो नकोच असेल, त्यांनी निदान घराचा करारनामा दोघांच्या नावे करावा आणि मृत्युपत्रही लिहून ठेवावे, तेही पहिला हप्ता जाण्यापूर्वी.