कांस्यमूर्तीवरील कळंक : काढावा की राखावा?

धम्मपदाच्या मलवग्गातील लोखंडाच्या गंजाचा दृष्टान्त आपल्या वाचकांस परिचित आहे. तेथील मल चित्ताचा असून तो नाहीसा करणे हेच इष्ट होय. परंतु भूमीतून निघालेल्या धातुमूर्तीस तोच न्याय लावल्यास कधीही भरून न येणारी हानी होते. ती कशी, हे खानदेशातील उपासक-उपासिकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

यावलहून रावेरमार्गे पूर्वेस गेले की बऱ्हाणपूर लागते. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी मोगलकाळी खानदेश सुभ्याचे ठाणे तेच होते. त्या परिसरातील फोफनार येथे १९६४ साली भगवान बुद्धांच्या सात कांस्यमूर्ती एकत्र सापडल्या. सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील या मूर्तींचे अजिंठ्याच्या शिल्पांशी जवळचे नाते आहे. काहींच्या पीठांवर ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात या संचातील मूर्ती पाहावयास मिळतात. आपल्या तापीखोऱ्यात पुढेही असे काही हाती लागणे अशक्य नाही.

कांसे म्हणजे तांबे व कथील यांचा मिश्रधातू. जमिनीतील ओलावा व क्षार यांच्या योगे त्यातील तांबे शतकानुशतके पुन्हा खनिजरूपात जात असते. धातूलगत क्युप्राइटचा तांबूस थर बसतो, त्यावर मॅलेकाइटचा हिरवा थर चढतो, आणि सर्वांत वर माती व खडे घट्ट चिकटतात. मूर्तीचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा उरलेल्या धातूवर नसतो. तो या खनिज थरांच्या आतच जपला गेलेला असतो. चीवराच्या चुण्या व लेखाची अक्षरे तेथेच असतात. चिंच, लिंबू अथवा तेजाब लावले की हे थर विरघळतात आणि हाती उरतो तो खड्डे पडलेला तांबडा धातू. त्याबरोबर दात्याचे नावही जाते. ज्यांची नावे राजवंशांच्या इतिहासात नाहीत, अशा भिक्षू व उपासकांचा तो बहुधा एकमेव पुरावा असतो.

म्हणून प्रयोगशाळेत प्रथम क्ष-किरण छायाचित्र घेऊन थराखाली काय आहे ते पाहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने केवळ वरची माती व खडबडीत कवच उतरवितात आणि मूळ पृष्ठभागाशी थांबतात. विद्युत्प्रवाहाने सारा गंज उतरविण्याची रीत पूर्वी प्रचलित होती. तिने कवचासह तपशीलही जात असल्याने आज ती क्वचितच वापरतात.

एक थर मात्र खरोखर घातक असतो. फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसू लागले, तर आत क्लोराइड क्षार आहेत असे समजावे. दमट हवेत त्यांपासून आम्ल होते, ते नवे तांबे खाते, आणि हे चक्र थांबत नाही. यास ‘कांस्यरोग’ म्हणतात. त्यावर रोगट भाग काढून बेन्झोट्रायझोलचा उपचार करतात व वस्तू कोरड्या हवेत ठेवतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली असावी लागते. लखनौ येथे १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा अशाच कामासाठी आहे.

तेव्हा नांगरताना वा पाया खोदताना मूर्ती मिळाल्यास ती धुऊ नये, घासू नये, तेल लावू नये. सापडली तेथेच तिचे छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी, भोवतालची माती व तुकडे वेगळे जपावेत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा वस्तूची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. विहारात ठेवण्यासाठी मूर्ती उजळ करण्याची इच्छा श्रद्धेतून होते, हे खरे. परंतु पंधराशे वर्षांपूर्वीच्या दात्याच्या श्रद्धेचा लेख पुसून आपली श्रद्धा सिद्ध होत नाही.